हृदय सांभाळण्याचे पहिले धडे : कर्वेनगर आवृत्ती

प्रवेशपात्रता

वय चाळिशीच्या पुढे असावं. कंपनीने करवून घेतलेल्या तपासण्यांचा रिपोर्ट मोबाइलवर आलेला असावा आणि त्यातले निदान दोन आकडे ठळक ठशात असावेत. एवढ्या दोन अटी पुऱ्या करणाऱ्या कर्वेनगरकराला प्रवेश आपोआप मिळतो, अर्ज करावा लागत नाही. जिना चढताना दम लागणं ही अट ठेवलेली नाही, कारण लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

‘आपण बारीक, आपल्याला कसला हृदयविकार’ असं म्हणून काही जण प्रवेशच घेत नाहीत. त्यांनी रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाची गोष्ट आधी ऐकावी. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची आणि वजनाचा हिशोब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही नेमका २२.३. कागदावर दोघंही सडसडीत. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, अशी नोंद त्याच लेखात आहे. जागतिक विज्ञानात इतका प्रामाणिक पुणेरी शेरा दुसरा नसेल. मुद्दा असा की भारतीय अंगात चरबी लपून बसते, आणि तीही पोटाच्या आत. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप उपयोगाची. श्वास सोडून कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक. पॅन्टचा नंबर सांगू नये. पॅन्ट पोटाच्या खाली बांधतात.

धडा पहिला : रिपोर्ट जाहीर करणे

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवण्याआधी घरच्या ग्रुपवर टाकावा. अर्ध्या तासात उपचार ठरतात. वारज्याची मावशी दुधीचा रस सांगते, सांगलीची आत्या लसूण, न्यू जर्सीचा भाचा मॅग्नेशियमच्या गोळ्या, आणि खालच्या मजल्यावरचे स्टेंटवाले काका प्रत्यक्ष येऊन सगळ्यांचं खोडून काढतात. मावशींचा मान राखून एकच गोष्ट लक्षात ठेवावी : दुधी कडू लागला तर रस बेसिनमध्ये ओतावा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत आणि त्याची दखल घ्यायला आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, समिती नेमावी लागली होती.

धडा दुसरा : मिठाचा रंग बदलणे

हृदयाची काळजी घेणं म्हणजे आधी काहीतरी विकत घेणं, हा इथला मूळ नियम. त्यामुळे नवशिक्याने पहिली खरेदी गुलाबी मिठाची करावी. ते बरणीत छान दिसतं, पाहुण्यांच्या नजरेत भरतं, आणि साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग असल्यामुळे उपचार सुरू झाल्याचं समाधान लगेच मिळतं. ते हिमालयातलं म्हणून विकतात. त्याची मोठी खाण पाकिस्तानी पंजाबात खेवडा इथे आहे. आपली आजी उपासाला जे शेंदेलोण वापरायची त्याचाच हा भाऊबंद. आजी ते कागदाच्या पुडीत बांधून आणायची.

आता त्यातलं रसायन. गुलाबी मिठात साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं, म्हणजे पांढऱ्या मिठात असतं तेच. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे मंडळी दाटीवाटीने बसतात. त्यातून दिवसाचं मॅग्नेशियम मिळवायचं म्हटलं तर इतकं मीठ खावं लागेल की पुढच्या धड्यांची गरज उरणार नाही. शिवाय त्यात आयोडीन बहुधा घातलेलं नसतं. घरात गरोदर सून किंवा वाढती नातवंडं असतील तर ही उणीव किरकोळ नाही.

खरी गोष्ट रंगाची नसून चमच्याची आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं मिळून. भारतात वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ८ ते ११ ग्रॅमपर्यंत निघालेला आहे. तुमच्या घराचा आकडा काढायला प्रयोगशाळा नको. चार माणसांच्या घराला ५ ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ लागतं. किलोची पिशवी पन्नास दिवस चालायला हवी. ती महिन्याभरात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर काम गेलं. पिशवी उघडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा. पुण्यात प्रत्येक वस्तूवर काहीतरी लिहिलेलं असतं, ही एक पाटी निदान कामाची होईल.

आणि हे झालं फक्त घरच्या पिशवीचं. बाहेरून जे येतं त्याचा यात हिशोबच नाही. बाकरवडी, फरसाण, ब्रेड, लोणचं, सॉस, नूडल्सची मसाल्याची पुडी. पापडात मीठ असतंच, वर पापडखार असतो, सोडियम दोन्हींत. ढोकळ्याच्या सोड्यात सोडियम, अॅसिडिटीवर घ्यायच्या फसफसत्या पुडीत सोडियम. राजाराम पुलापासून म्हात्रे पुलापर्यंतच्या डीपी रोडवर लग्नसराईत जेवढी कार्यालयं आणि लॉन्स उजळतात, त्यांच्या पंगतीत एका वेळी दिवसाचा कोटा सहज संपतो. त्यात मठ्ठा पचनाला चांगला म्हणून तीन वाट्या घ्यायचा रिवाज आहे, आणि मठ्ठ्याला मीठ घालावंच लागतं. मीठ कमी करायला घेतलेला माणूस पहिले काही दिवस प्रत्येक जेवणाला ‘हे काय अळणी’ म्हणतो. दोन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते आणि मग कार्यालयातली आमटी खारट लागते. तोपर्यंत घरात एक पथ्य पाळावं : ताटात डावीकडे वरचं मीठ वाढणं बंद. परंपरा मोडल्याबद्दल सासूबाई बोलतील. त्यांचा रक्तदाब आधी मोजून घ्यावा.

दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्याची गोष्ट वेगळी, ते गुलाबी मिठासारखं नुसतं शोभेचं नाही. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर असा प्रयोग झाला, २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि हे मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची शिफारस केली. पण शिफारशीत मोठी सूट आहे. ज्यांच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलंय त्यांना ती लागू नाही, आणि रक्तदाबाची काही औषधं अशी असतात की ती पोटॅशियम अंगातच धरून ठेवतात. म्हणून काकांनी आणलेली पिशवी आपण आणण्याआधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी.

धडा तिसरा : खनिजांशी ओळख

१८८२-८३ च्या सुमारास लंडनला सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय अंगाबाहेर काढून मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचे प्रयोग करत होते. हृदय तासन् तास नीट चालायचं. मग लक्षात आलं की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी सरळ नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाण्यात तोच प्रयोग केला, तर हृदय थोड्याच वेळात थांबलं. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि आकुंचनाला तेच लागत होतं. एका नोकराच्या आळशीपणातून वैद्यकशास्त्राला इतकं मोठं ज्ञान झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आज रुग्णालयात सलाइन म्हणून जी ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली टांगतात, तिच्यावर त्यांचंच नाव आहे.

हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्याला विजेची एक लहर लागते, आणि ती सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या पेशीच्या आत-बाहेर होण्याने तयार होते. पेशीच्या दारावर एक पंप बसलेला असतो, सोसायटीच्या वॉचमनसारखा : सोडियमचे तीन कण बाहेर काढतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो. फरक इतकाच की हा झोपत नाही. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. या पंपाला मॅग्नेशियम लागतं. अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, ते टिकत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात दोन्ही बरोबर पाहतात.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. फार खाली गेलं तर ठोके चुकतात, फार वर गेलं तरी चुकतात. पगाराच्या आकड्यासारखं इथे ‘जितकं जास्त तितकं बरं’ चालत नाही. जुलाब, उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी ते खाली येतं. मूत्रपिंड थकलं की वर जातं. रस्त्याच्या कडेला शहाळंवाला गाडी लावून उभा असतो, त्याला यातलं काही विचारण्याची पद्धत नाही. धडधाकट माणसाने उन्हाळ्यात रोज शहाळं प्यायलं तर त्याचं मूत्रपिंड जादाचं पोटॅशियम बाहेर टाकून मोकळं होतं. पण डायलिसिसवरच्या माणसाला प्रेमाने पाजलेली दोन शहाळी घातक ठरू शकतात. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली जुनी रीत आहे. नेण्याआधी आजार कोणता ते विचारत जा.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांची सध्या फार चलती आहे. झोप येत नाही, पायात गोळे येतात, चिडचिड होते, सगळ्याला मॅग्नेशियम. गंमत अशी की अंगातल्या मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात असतं, बाकीचं हाडांत आणि स्नायूंत. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा बरोबर दिसला तरी साठा भरलेला असेलच असं नाही. आणि वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम खाली जाऊ शकतं, हे त्या गोळीच्या इशाऱ्यांत लिहिलेलं असतं. म्हणजे एका गोळीने घालवायचं आणि दुसरीने भरायचं. मधल्या मध्ये केमिस्टचं हृदय उत्तम राहतं. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी गोळी घ्यावी. बाकीच्यांसाठी ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, राजगिरा, डाळी आणि पालेभाज्या आहेत. पोटॅशियमसाठी केळं, रताळं, बटाटा आणि त्याच डाळी. गुलाबी मिठाशेजारी हे ठेवलं तर दिसायला फारच गरीब दिसतं, हा त्याचा एकमेव दोष.

धडा चौथा

वगळला आहे. तो मनगटावरच्या घड्याळाबद्दल होता. नवशिका रात्री तीनदा उठून आपण शांत झोपलो आहोत का, हे त्यात बघतो.

धडा पाचवा : चालायला जाणे

बूट आणावेत. मग चालायच्या वेळा ठरवाव्यात, चालायचा ग्रुप काढावा, त्याला नाव द्यावं. ग्रुपच्या फेऱ्या एकतर वनदेवीच्या टेकडीकडे होतात किंवा सोसायटीतल्या गाड्यांभोवती. दोन्हींचा शेवट टपरीवर होतो, जिथे जाळलेल्या उष्मांकांची वडापावाने भरपाई केली जाते. पायऱ्या, पावलं, किलोमीटर यांचा हिशोब मोठ्याने वाचावा. दहा हजार पावलांचा आकडा कोणत्या शास्त्रज्ञाने ठरवला असं कोणी विचारलं तर विषय बदलावा. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पेडोमीटरच्या जाहिरातीतून आलेला आहे. डॉक्टर सांगतात ते साधं आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, जरा झपझप. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग. आपल्याकडे बोलण्याची अट सगळेच पूर्ण करतात.

कर्वेनगरात राहून चालण्यावर बोलायचं आणि नगर ज्यांच्या नावाचं त्यांना वगळायचं, हे बरं दिसत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत हलवला. तेव्हा इथे ना रस्ता होता ना बस. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि हिंगण्याची वाट पायी तुडवायची, असा त्यांचा क्रम होता. चिखलात, अंधारात, आणि वर विधवांना शिकवतो म्हणून लोकांच्या शिव्याही. १८५८ चा जन्म, शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी. यावरून ‘चाला म्हणजे शंभरी गाठाल’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. एका माणसावरून सिद्धांत काढू नये, एवढं तरी अण्णांचा विषय गणित होता म्हणून पाळावं. आणि आज त्याच हिंगण्याहून डेक्कनला निघालेला माणूस कर्वे रोडवर गाडीत बसून जो वेळ घालवतो, त्याकडे पाहिलं तर अण्णांचं पायी जाणं काही फार मागे पडलं नसतं.

पुष्कळ माणसांवरून सिद्धांत काढायचा असेल तर जेरी मॉरिस यांच्याकडे जावं. त्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दोघं एकाच बसमध्ये, एकाच धुरात, बरेचसे सारख्याच वस्तीतले. पण दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. गर्दीच्या पीएमपी बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणाऱ्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालताना हे आठवावं : व्यायाम तो करतोय, आपण फक्त रक्तदाब वाढवतोय.

धडा सहावा : ताण घेणे

ताण ‘कमी करण्याचे’ वर्ग सगळीकडे आहेत; इथे आधी तो मिळवायचा कसा ते सांगितलं आहे. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहावं. विषयपत्रिकेवर पुनर्विकास, पार्किंग आणि पाण्याचा टँकर असावा. बोलणाऱ्याला मध्येच तोडावं. घरी येऊन तेच सगळं बायकोला पुन्हा सांगावं. रात्री साडेअकरा वाजता सचिवांना ‘सविस्तर’ मेसेज टाकावा आणि निळी खूण आली का ते बघत पडावं.

एवढं केलं की अंगात काय होतं? अॅड्रेनालिन उसळतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. आणि रक्तातलं पोटॅशियम थोड्या वेळासाठी पेशींत ओढलं जातं. तिसऱ्या धड्यातला वॉचमन सभेच्या दिवशी असा वागतो. ज्याचं पोटॅशियम आधीच गोळ्यांमुळे कमी आहे आणि हृदय आधीच दुखावलेलं आहे, त्याला ठोके चुकायला एवढं निमित्त पुरू शकतं. खाणं, खनिज आणि भांडण या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. तिन्हींचे पैसे एकाच खात्यातून जातात. २००४ साली आलेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासाने हृदयविकाराच्या झटक्याची नऊ मोठी कारणं मोजली, त्यात धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक ताण बसलेला होता. त्याच अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येताना दिसला. अतीव दुःखाने किंवा धक्क्याने, रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही हृदय फुगून दुबळं होतं, हेही जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास नोंदवलं. ते बहुधा पाळी गेलेल्या बायकांत दिसतं आणि बरेचदा काही आठवड्यांत भरून येतं. घरातली बाई ‘छातीत कसंतरी होतंय’ म्हणाली की ‘टेन्शन घेतेस उगाच’ हे उत्तर देणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

ताणावरचा एक उपाय डॉ. अभय बंग यांनी लिहून ठेवलेला आहे. ऐन उमेदीत स्वतःला झटका आल्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. ते कर्वेनगरात पुष्कळ घरी आहे. बऱ्याच ठिकाणी काचेच्या कपाटात.

धडा सातवा : रक्तदाब मोजणे

यंत्र हातावर बांधून, पायावर पाय टाकून, समोरच्याशी बोलत मोजला की हवा तसा आकडा येतो. बरोबर आकडा हवा असेल तर चहा-सिगारेट होऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. दोनदा मोजून लिहून ठेवावं. घरी पुन्हा पुन्हा १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांकडे जावं. गोळी सुरू झाली की ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून ती बंद करू नये. नॉर्मल आहे ते गोळीमुळेच.

शेवटचा धडा : गॅस

छातीच्या मधोमध दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, मळमळ, असं काही झालं की कर्वेनगरात त्याला गॅस म्हणतात. आधी फसफसती पुडी, मग ओवा, मग शतपावली, मग ‘सकाळी बघू’. मधुमेही माणसाला आणि बायकांना तर छातीत दुखेलच असंही नाही. नुसता धाप लागल्यासारखा थकवा येतो आणि सगळ्यांना वाटतं, स्वयंपाकाने दमली.

इथे गंमत संपली. हृदयाचा स्नायू रक्ताविना मिनिटामिनिटाने मरतो आणि पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. ग्रुपवर विचारू नका. एक ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच राहिलं, तर तो पुन्हा काढायला सांगा. रात्री ईसीजी होणारं आणि हृदयाची अँजिओप्लास्टी करणारं रुग्णालय घरापासून कोणत्या बाजूला आहे, ते आजच बघून फ्रीजवर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८ आहे. तो फुकट लागतो.